ओसरीवरचा रांजण

आमच्या भागात दारूसाठी घातलेल्या आंबवणाला मालक नसतो. अबकारी खात्याची जीप बाजारकुणंगच्या वळणावर दिसली की फोन पुढे पळतात, आणि जीप वाडीत पोचेपर्यंत जो तो आपापल्या कामाला लागलेला असतो. रानात पाचोळ्याखाली पुरलेला डबा साहेबांना सापडतो. साहेब विचारतात, "हे कोणाचं?" ज्याने तो डबा स्वतःच्या हाताने पुरला, तोही चार माणसांत वाकून आत बघतो आणि म्हणतो, "आयला, हे कुटनं आलं?" मग साहेब कागदावर 'बेवारस रसायन' असं लिहितात, डबा उपडा करतात, कुणाच्या तरी घरी ताक पितात आणि परत जातात. मी कर्नाटकातल्या या वाडीच्या मराठी शाळेत नोकरी केली, इथेच निवृत्त झालो. इतक्या वर्षांत 'हे माझं' असं म्हणालेला माणूस मी पाहिला नव्हता. बाई तर नाहीच.

गिरजावहिनींचा रांजण मात्र आधीपासून ओसरीवर असे. पाण्याच्या घागरींच्या ओळीत, तोंडाला धुतलेलं फडकं बांधलेला. येणारा-जाणारा त्याच्याजवळच टेकायचा.

वहिनींचं माहेर खानापूरकडचं, ऊस आणि गुऱ्हाळांच्या मुलखातलं. त्यांचे यजमान मारुती कॅसलरॉकच्या रेल्वेमार्गावर गँगमन होते. लग्न होऊन त्या या डोंगरात आल्या तेव्हा इथे गोड म्हणजे फक्त मध, असं त्या सांगतात. त्यामुळे दर थंडीला त्यांचा भाऊ गाडीने काकवीचा डबा घेऊन कॅसलरॉकला उतरायचा. डब्याचं झाकण गळायचं, भावाची पँट चिकट व्हायची आणि वहिनी त्याला आधी अंगणात उभं करून पाणी ओतायच्या, मग "ये" म्हणायच्या. त्या काकवीतली निम्मी पोरांच्या भाकरीवर जायची आणि निम्मी रांजणात.

बाई अंगाने लहानखुऱ्या, पण उभ्या राहिल्या की एक पाय थोडा पुढे असतो, आत्ताच चालता चालता थांबल्यासारखा. दुसऱ्याचं बोलणं चालू असताना त्या "व्हय, व्हय" म्हणत राहतात. नवीन माणसाला वाटतं, बाईंना पटलं. पटलेलं नसतं. त्यांच्या तोंडी हा शब्द 'तुझं होऊ दे, मग बघते' एवढ्याच अर्थाने येतो.

आंबवणाचं काम त्यांनी कधी घाईने केलं नाही. कोमट पाण्यात काकवी, वर साखर, आणि मागच्या खेपेला तळाशी राहिलेला गाळ विरजणासारखा. बस्स. बाकीचे लोक लवकर पिकावं म्हणून त्यात नवसागर टाकतात, कुणी कुणी तर शेतात घालायचं खतही. वहिनी रांजणाला कान लावून बसतात. आत बारीक बुडबुडे फुटत असतात, भात रटरटायच्या आधी पातेलं बोलतं तसे. "बोलतंय अजून," असं म्हणून त्या उठतात. बोलणं थांबलं की मग चूल. ती ऊर्ध्वपातित झालेली दारू – हा माझा शाळेतला शब्द, त्या त्याला 'शिजवलेलं' म्हणतात – तिला वहिनींच्या घरी रम म्हणत. "काजूची ती फेणी, काकवीची ती रम," मारुती सांगायचे, आणि रेल्वेतल्या साहेबाच्या बाटलीपेक्षा आपली बरी असंही. बाळंतिणीच्या पाठीला, लचकलेल्या पायाला, थंडीने कुडकुडणाऱ्या म्हाताऱ्याला वहिनी वाटीभर काढून देतात. विकत मागायला आलेल्याला त्या ताक देतात.

पण रांजणाचं खरं काम वेगळं होतं. आमच्या वाडीच्या शेतांच्या कडेला, जांभळीखाली राखणदाराचा दगड आहे. मळणी झाली की त्याला राखण द्यायची. दरवर्षी एका घराची पाळी. त्या घरचा कोंबडा, त्या घरची भाकरी, त्या घरात केलेली दारू. गावचे मानकरी गावकर, म्हणजे आमचे महाबळेश्वरअण्णा, गाऱ्हाणं घालतात आणि त्यात नाव घ्यावंच लागतं, हे अमक्याच्या घरचं, अमक्याच्या हातचं, मानून घे. नावावाचून दिलेलं राखणदार घेत नाही. काही उणं पडलं तर त्याने कुणाच्या दारात जायचं, हे त्याला माहीत हवं, असा त्यातला विचार.

यंदा पाळी मारुतीच्या घराची होती. मारुती गेल्याला थोडाच काळ झालेला. मुलगी बेळगावला दिलेली. घरात वहिनी एकट्या. तेव्हा मारुतीचा चुलतभाऊ झिलू महाबळेश्वरअण्णांकडे जाऊन म्हणाला, "बाईमानसाच्या नावानं गाऱ्हाणं कधी झालंय काय? घराण्याची पाळी हाय, माझ्या नावानं होऊ दे." अण्णांनी नेहमीप्रमाणे "आधी मळणी तर होऊ दे" म्हणून विषय मळणीवर ढकलला.

झिलू हे वहिनींना सांगायला स्वतः आला. माणूस वाईट नाही. गप्पिष्ट, सगळ्यांच्या लग्नात राबणारा, फक्त कुठल्याही गोष्टीची जबाबदारी आली की त्याला दुसऱ्या गावात काम निघतं.

"वैनी, तुमाला कशाला तरास?" तो म्हणाला.

"व्हय, व्हय," वहिनी म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी भावाला फोन करून काकवीचा डबा मागवला.

झिलूनेही आपलं आंबवण घातलं, पण ते रानात, ओढ्याच्या वरच्या अंगाला खड्डा खणून, वर प्लास्टिक आणि पाचोळा टाकून. म्हणजे अबकारीवाले आले तरी मालक नाही. त्यात त्याने नवसागर सढळ हाताने घातला होता, त्यामुळे वास असा सुटला की तिथून जाणारी गुरंसुद्धा तोंड फिरवायची.

हत्तीने तोंड फिरवलं नाही. हळियाळच्या बाजूने एक एकटा नर या दिवसांत भातासाठी खाली उतरतो. त्याने प्लास्टिक ओढून काढलं, खड्डा रिकामा केला, आणि मग ओढ्याच्या कडेने चालत येऊन पूर्णिमाच्या खळ्यातल्या भाताच्या उडवीवर आडवा झाला. सकाळी आम्ही डबे वाजवत गेलो तेव्हा तो डोळे किलकिले करून आमच्याकडे असा बघत होता, की उलट आम्हीच चुकीच्या घरात शिरलो आहोत असं वाटावं. उन्हं वर आल्यावर तो उठला आणि झोकांड्या न खाता, अगदी सभ्यपणे रानात निघून गेला. उडवीचं मात्र चिखल-पेंढा-भात असं एक झालं होतं.

"हत्तीला कुणी पाजली रे?" गर्दीतून झिलूच मोठ्याने म्हणाला. लोक हसले. पूर्णिमा हसली नाही.

पूर्णिमा ही माझी विद्यार्थिनी. आता वाडीतल्या बायकांच्या संघाची प्रमुख. कानडी आणि मराठी दोन्ही खणखणीत वाचते. तिचा नवरा रामनगरहून पिशवीतली दारू आणून पितो, त्यामुळे दारू या शब्दाशी तिचं वैर आहे आणि ते रास्त आहे. फॉरेस्टचा गार्ड आला, त्याने खड्डा बघितला आणि सांगितलं, "ज्याचं ज्याचं आहे ते काढून टाका. हत्तीने चव घेतलीय, तो परत येणार. मला वर कळवावं लागेल." त्यावर पूर्णिमाने शाळेच्या पडवीत बैठक बोलावली.

"माझं भात गेलं," ती म्हणाली. "आता कुणाच्याच घरात, कुणाच्याच रानात आंबवण ऱ्हायचं न्हाई. आजच वतायचं."

"कुणाचं हायच कुटं?" दोघं-तिघं एकदम म्हणाले.

वहिनी खांबाला टेकून उभ्या होत्या. "व्वा," त्या म्हणाल्या. "हत्ती बेवारस, दारू बेवारस, आनि भात तेवढं पूर्णिमाचं! ज्याचा खड्डा त्यानं फुडं यावं की."

झिलू पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता.

"ते ऱ्हाऊ दे काकी," पूर्णिमा म्हणाली. "तुमचा रांजण सगळ्या गावाला दिसतोय. त्याचं काय?"

"दिसतोय म्हनूनच हाय. मी त्याच्या उशाला निजते. रानात पुरून मी कुना जनावराला वाढून ठेवलेलं न्हाई."

"आनि हत्ती ओसरीवर आला तर?"

"तर त्याला म्हनीन, बाबा, हे माझं हाय, इचारून पी."

सगळे हसले, पण पूर्णिमाच्या डोळ्यांत पाणी होतं. "चेष्टा न्हवं काकी. तुमच्या अंगावर घर पडंल."

"ठावं हाय मला," वहिनी एकदम हळू आवाजात म्हणाल्या. "भ्या मलाबी वाटतंय. पर यंदाची राखण माझ्या घरची हाय. ती मी देनार."

बैठक संपल्यावर बाकीच्यांनी आपापले डबे गुपचूप ओढ्यात रिते केले. ओढ्याचं पाणी दुपारपर्यंत तांबूस वाहत होतं आणि त्याला मालक नव्हता. वहिनींनी मात्र ओसरीवर नेहमीचीच वाकळ टाकली.

अबकारीची जीप लवकरच आली. साहेब तरुण होते, बागलकोटकडचे. मराठी तोडकं बोलायचे, पण प्रत्येक म्हातारीला आधी नमस्कार करायचे. रानात त्यांना रिकामे खड्डे मिळाले. वहिनींच्या अंगणात मात्र ते थबकले. इतक्या सहज सापडायची त्यांना सवय नसावी. त्यांनी फडकं वर केलं, वास घेतला. तोवर अख्खी वाडी कुंपणाशी जमली होती.

"अक्का, हे काय?"

वहिनींनी तोंड उघडायच्या आत झिलू पुढे झाला. "साहेब, ते गुरांचं आंबोण हाय."

"तुझ्या गुरांना घाल जा असलं आंबोण," वहिनी म्हणाल्या. "साहेब, काकवी-साखरंचं आंबवण हाय. रमचं. माझं हाय."

साहेबांनी फडकं खाली ठेवलं. त्यांचा आवाज उलट मऊ झाला. "अक्का, नीट ऐका. घर तुमचं, म्हणून हे तुमचंच असं नाही. कुणी आणून ठेवलं असेल. मी बेवारस लिहितो, सांडतो, जातो. तुमचं लिहिलं तर केस होते. कोर्ट, तारखा. तुमचं वय काय?"

"वय घाला की कागदावर. आनि नावबी घाला."

कुंपणाशी कुजबुज वाढली. महाबळेश्वरअण्णा काठी टेकत आत आले. आजवर वाडीत असं कधी घडलं नव्हतं, आणि न घडलेल्या गोष्टींची अण्णांना फार भीती वाटते. "गिरजे," ते म्हणाले, "साहेब भला मानूस हाय. न्हाई म्हन. देवाला समदं समजतं."

"अण्णा, आज ह्यांच्याम्होरं म्हनू माझं न्हवं, आनि मळनी झाली की देवाम्होरं म्हनू माझं हाय?" वहिनींचा पुढचा पाय आणखी पुढे आला होता. "दोघांतल्या एकाला तरी मी खोटं सांगनार. साहेब जीपनं जातील. तो दगड हितंच हाय, मीबी हितंच हाय. उद्या तुम्हीच गाऱ्हानं घालताना अडखळाल. मग झिलूच्या नावानं करायला मोकळे."

बेळगावहून मुलीचा फोन आला होता. तो कानाला न लावताच वहिनींनी शेजारणीच्या हातात दिला. फोनमधून "आई, न्हाई म्हण, आई" असं बारीक ऐकू येत होतं.

साहेबांनी नमुन्याची बाटली भरून घेतली आणि शिपायांना रांजण उचलायला सांगितलं. "ओढ्यात नको," वहिनींनी त्यांना थांबवलं. "परसात शेणखतावर वता आनि वर राख पसरा. माझ्यापायी कुनाची उडवी जायला नको." शिपायांनी तसंच केलं. काकवीचा आंबटगोड, जड वास परसभर पसरला. रांजण रिकामा झाल्यावर वहिनींनी तो आडवा करून आत हात घालून बघितलं. तडा गेलेला नव्हता.

पंच म्हणून सही करायला साहेबांनी पूर्णिमाला बोलावलं. कागद कानडीत होता. तिने नेहमीच्या सवयीने तो मोठ्याने वाचला आणि मधेच थांबली. साहेबांनी दयेने 'बेवारस' असंच लिहिलं होतं.

तिने वहिनींकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग कुंपणाशी उभ्या असलेल्या सगळ्यांकडे. ज्यांच्यातल्या कुणी तरी खणलेल्या खड्ड्याने तिचं भात गेलं होतं, ते सगळे तिच्याकडेच बघत होते.

"साहेब, हितं चुकलंय," ती म्हणाली. "नाव घाला. गिरजा, मारुतीची बायको. न्हाई तर मी सही करनार न्हाई."

"तुला काकीवर राग आहे काय?" साहेबांनी विचारलं.

"राग हाय. म्हनूनच खरं लिवा."

वहिनींना जीपमधून तालुक्याला, जोयड्याला नेलं. त्या पुढच्या सीटवर बसल्या, साहेबांनीच बसवलं. जामिनाला मी आणि महाबळेश्वरअण्णा गेलो. सही करताना अण्णा म्हणाले, "माझ्या घरात ही अशी बाई असती तर मी ह्याच्या कितीतरी आधी म्हातारा झालो असतो." वहिनी बाकावर बसून कचेरीच्या आवारातला फणस बघत होत्या. "ह्याला खत पायजे," एवढंच त्या म्हणाल्या.

परत आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते रांजण राखेने घासून ओसरीवर होता तिथेच ठेवण्याचं. काकवीचा तळ डब्यात शिल्लक होता. विरजणाचा गाळ शेणखतावर गेला होता, म्हणून रांजणाच्या आतल्या बाजूला घट्ट धरलेला थर त्यांनी खरवडून घेतला.

"वहिनी," मी म्हटलं, "केस चालू असताना?"

"गुरुजी, केस जुन्या आंबवनाची हाय. हे नवं हाय."

"आणि परत जीप आली तर?"

"तर परत सांगीन. त्यांना येऊन येऊन कटाळा येईल, मला सांगून सांगून येनार न्हाई."

हत्ती त्या हंगामात परत आला नाही. का आला नाही, ते त्यालाच ठाऊक. मळणी उरकली आणि राखणेचा दिवस आला तेव्हा रांजण अजून बोलत होता. म्हणजे चुलीवर चढवायची वेळ झाली नव्हती.

जांभळीखाली सगळे जमले. झिलू नवीन सदरा घालून आला होता. त्याने रामनगरहून आणलेली बाटली दगडासमोर ठेवली. बाटली चकचकीत होती, तिच्यावर घोड्याचं चित्र होतं. अण्णांनी हात जोडले, डोळे मिटले आणि गाऱ्हाण्याला सुरुवात करणार तोच डोळे उघडले.

"झिलू, हे कुणाच्या घरचं म्हनू?"

"दुकानातलं हाय की अण्णा."

"दुकान कुणाचं?"

"मला काय ठावं? तिथं एक चश्मेवाला बसतो."

"मग चश्मेवाल्याच्या घरचं म्हनू काय?"

बायका पदराआड हसल्या. झिलूचा चेहरा उतरला, पण त्याने बाटली उचलली नाही.

तेवढ्यात वहिनींनी आपली कळशी पुढे ठेवली आणि वरचं पान बाजूला केलं. आत काळपट-तांबडं आंबवण होतं, कडेला फेस, मधेच एखादा बुडबुडा.

अण्णांनी वाकून बघितलं. "गिरजे, ही दारू न्हवं."

"न्हवं. अजून पिकायचं हाय. पिकलेलं होतं ते साहेबांनी शेनावर वतलं, तुमच्या डोळ्यांम्होरं."

"मग कच्चं देवाला द्यायचं?"

"देवाला ठावं हाय की, कच्चं हाय ते. आनि ठावं नसंल तर सांगा त्याला. पर माझं हाय. ह्यात काय घातलंय ते मी सांगते, कुठं ठेवलं होतं ते समद्या गावानं बगितलंय."

अण्णा त्या कळशीकडे बघत राहिले. त्यांच्या वडिलांनी, आज्यांनी असं काही केलं होतं का ते आठवत असावेत. कुणीच केलं नव्हतं. शेवटी त्यांनी काठी माझ्या हातात दिली आणि हात जोडले. "बा राखणदारा," त्यांनी सूर लावला, "मारुतीच्या घरचं हे..."

"अण्णा," वहिनींनी मधेच अडवलं. "मारुती न्हाईत आता. कागदावर माझं नाव हाय. हितंबी तेच घ्या."

गाऱ्हाण्यात कुणी बोलायचं नसतं. कुणाच्या तरी तोंडून "आगं" असं निघालं. अण्णांनी घसा साफ केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. "बा राखणदारा, गिरजेच्या घरचं, गिरजेच्या हातचं, कच्चं हाय पर लपवलेलं न्हाई, हे मानून घे, आनि तिच्या गुराढोरांची, आमच्या समद्यांच्या शेतांची राखण कर."

"व्हय महाराजा," सगळ्यात आधी पूर्णिमा म्हणाली. मग बाकीचे.

प्रसाद म्हणून पानाच्या द्रोणातून सगळ्यांना घोट-घोट मिळाला. आंबट, गोड, जिभेला चुरचुरणारं. पूर्णिमाने बोट बुडवून कपाळाला लावलं आणि द्रोण नवऱ्याला न देता परत दिला. झिलूने मात्र दोन्ही हातांनी द्रोण धरून तोंडाला लावला. त्याचं तोंड भरलेलं असतानाच पूर्णिमा त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"झिलूकाका, खड्डा कुणाचा होता?"

झिलूने घोट गिळायला फार वेळ लावला. त्याने एकदा दगडाकडे बघितलं, एकदा वहिनींकडे. "माझा," तो म्हणाला. "पर हत्ती माझा न्हवता."

"हत्तीचं मी कुटं इचारलं? उद्या माझं छप्पर शाकारायला पेंढा घेऊन या. तुमचा पेंढा, तुमच्या डोक्यावरनं."

"येतो की," झिलू म्हणाला, आणि मला सांगायला बरं वाटतं, की गेला.

वहिनींची कोर्टाची तारीख अजून व्हायची आहे. वकिलाने सल्ला दिला आहे की रांजण ओसरीवर होता आणि ओसरी उघडी असते, तेव्हा कुणीही काहीही आणून ठेवू शकतं, एवढंच म्हणायचं. बाई सुटून जाईल. वहिनींनी ते सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. काल भाकरीचं पीठ मळता मळता त्यांनी मला जोयड्याची सकाळची बस विचारली आणि बजावलं, "गुरुजी, सोबत या, पर तिथं मधी बोलू नका. मला इचारतील तवा मीच सांगनार."